सहाव्या दाराचा दिवा

१

टक्.

मैत्री माझ्या दंडावर डोकं ठेवून आत्ताच झोपली होती. हात मुंग्या येऊन मेला होता, पण काढला तर ती उठेल म्हणून तसाच ठेवला होता. दुपारचे तीन. वारज्यातली आमची सोसायटी या वेळी अशी गप्प होते, की कुणीतरी सगळ्या घरांवर पांघरूण घातलंय असं वाटतं.

टक्. मग जरा थांबून, टक् टक्.

आधी वाटलं पाल चुकचुकली. पण पाल अशी मोजून चुकचुकत नाही. आवाज पॅसेजमधून येत होता, चपलांच्या कपाटातून. वरच्या कप्प्यात घरभरच्या इंटरनेटच्या वायरी जोडणारा आमचा नवा स्विच ठेवलाय, आणि त्याच्या शेजारी बाबांचा डबा.

डबा म्हणजे घरातल्या सगळ्या फोटोंची, कागदांची डिस्क. घरात कुणीही कुठूनही उघडावी अशी. बाबा म्हणजे माझे सासरे, दशरथ. टेलिफोन खात्यातून निवृत्त. सात महिन्यांपूर्वी गेले. जाण्याआधीच्या वर्षात त्यांनी या डब्यात नातीसाठी गोष्टी बोलून ठेवल्या होत्या. फोल्डरचं नाव 'मैत्रीसाठी'. आत एकोणीस रेकॉर्डिंग्ज. प्रत्येकाची सुरुवात एकच: "हॅलो, हॅलो. ऐकू येतंय का?" जन्मभर खांबावर चढून लाइन तपासलेला माणूस, नातीशी बोलतानाही आधी लाइन तपासायचा.

हळूच हात सोडवून मी उठले. लॅपटॉप उघडला, फोल्डर उघडला आणि मोजलं. सोळा.

पुन्हा मोजलं. सोळाच.

रविवारी मैत्रीला मांडीवर घेऊन मोजली होती. तिला वीसपर्यंत येतात, म्हणून तिनंच बोटानं मोजली. एकोणीस आली तेव्हा हिरमुसली होती, वीस का नाहीत म्हणून. आज बुधवार. पहिली, दुसरी, तिसरी, तिन्ही गायब. दिवसाला एक.

उरलेल्यांची दुसरीकडे नक्कल नव्हती. आज करू, उद्या करू. आज ताप, उद्या शाळेचं मातीकाम. लहान मूल असलेल्या घरात 'उद्या'ला पायच फुटतात. मी तिथेच बसून एकेक फाइल लॅपटॉपवर उतरवायला घेतली. पंधरा आल्या. सोळावी, म्हणजे बाबांची एकोणिसावी, येईना. तिचं नाव 'मैत्री मोठी झाल्यावर'. ती उतरायला लागली की डबा टक् टक् करी आणि पडद्यावर येई: वाचता येत नाही.

ती आम्ही कुणीच ऐकली नव्हती. बाबांनी तसं सांगितलं होतं.

म्हणजे जगात ती एकाच जागी होती. आणि त्या जागेला कुणीतरी रोज दुपारी हात लावत होतं.

२

सगळं सुरू झालं ते रविवारी नवा स्विच लावला तेव्हापासून, म्हणून आधी तेच सांगते.

जुना स्विच बाबांनी बसवलेला. ज्या आठवड्यात बाबा गेले त्याच आठवड्यात तोही बंद पडला. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आलेल्या एका मावशींनी "त्यांचंच होतं, त्यांच्याबरोबर गेलं" असं म्हटलं आणि माझ्या अंगावर काटा आला होता. मग सात महिने वायफायवर भागवलं. पण माझा नवरा प्रज्ञेश आठवड्यातून दोन दिवस घरून काम करतो आणि ऐन मीटिंगमध्ये त्याचा चेहरा गोठतो.

"हिंजवडीला जायला दोन तास लागतात ते परवडलं," तो म्हणाला. "घरातल्या घरात मी बेडरूममधून हॉलमध्ये पोचत नाही."

म्हणून गिगाबिटचा आठ दारांचा स्विच आणला. मी लग्नाआधी हिंजवडीत एका कंपनीचं नेटवर्कच सांभाळायचे. पाच वर्षांनी हातात ती खट् करून बसणारी पिन आली आणि वाटलं, बोटांना सगळं आठवतंय.

"मम्मी, हे काय करतं?" मैत्रीनं विचारलं होतं.

"हा पोस्टमन आहे. याला आठ दारं. कोणत्या दारामागे कोण राहतं ते हा लक्षात ठेवतो. एखाद्याचं पत्र आलं की सगळ्यांची दारं वाजवत बसत नाही, बरोबर त्याच्याच दारात टाकतो."

"त्याला कोण सांगतं कोण कुठं राहतं?"

"कुणी नाही. ज्या दारातून जो बोलतो, तो तिथला असं हा मनात लिहून घेतो. आणि पाच मिनिटं त्या दारातून कुणी बोललंच नाही, तर पुसून टाकतो."

"विसरतो?"

"विसरतो. परत बोललं की परत ओळखतो."

भिंतीतून आलेल्या वायरी जुन्या स्विचमधून काढून मी जशाच्या तशा नव्यात लावल्या. प्रत्येकीवर बाबांच्या अक्षरात पांढरी पट्टी: १ हॉल, २ बेडरूम, ३ डबा, ४ राउटर, ५ खोली. सहावीवर फक्त ६, पुढे काहीच नाही. पाचवी आणि सहावी एकाच पाइपातून येत होत्या, बाबांच्या खोलीकडून. मी फारसा विचार न करता दोन्ही खोचल्या.

दिवे लागले. हिरवा म्हणजे गिगाबिट, पूर्ण वेग. नारिंगी म्हणजे त्याचा दहावा हिस्सा. चार दारांवर हिरवे. पाचव्यावर काहीच नाही, कारण बाबांच्या खोलीत आता काही जोडलेलं नव्हतं. मी लॅपटॉप नेऊन तिथल्या सॉकेटला लावून पाहिला, तर नारिंगी लागला. काढला, विझला.

आणि सहाव्यावर संध्याकाळपर्यंत काही नव्हतं. सोमवारी दुपारी तीनला पाहिलं, तर तिथं नारिंगी दिवा मिटमिटत होता. मंगळवारीही, त्याच वेळी.

मिटमिटणं म्हणजे त्या बाजूला कुणीतरी बोलतंय.

बाबांच्या खोलीत एकच सॉकेट आहे. आणि खोलीला बाहेरून कडी होती.

३

बुधवारी संध्याकाळी प्रज्ञेश आला तेव्हा मी सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे बूट काढले.

"म्हणजे घरात चोर आलाय. टीव्ही नेला नाही, लॅपटॉप नेला नाही. आमच्या बापाच्या गोष्टी नेल्या. सुसंस्कृत चोर आहे."

"चेष्टा नको रे."

"चेष्टा नाही. डिस्क जुनी आहे, फाइल्स उडत असतील."

"डिस्क मरताना फाइल्स अनुक्रमानं उडवत नाही. एक, दोन, तीन. रोज तीन वाजता."

तो हळू आवाजात म्हणाला, "ताईला विचारलंस?"

उल्काताई म्हणजे त्याची मोठी बहीण, वाघोलीला राहते. बाबा गेल्यावर ती दोनदा म्हणाली होती, की रेकॉर्डिंग्ज तिला हवीत. आम्ही दोनदा 'देतो' म्हटलं होतं. मी फोन लावला.

"चोरायला मी वाघोलीहून वारज्याला येऊ?" उल्काताई म्हणाली. "त्या नगर रोडच्या ट्रॅफिकमधून? निकिता, चोरी करायची तर माणूस जवळचं घर बघतो."

"तसं नाही ताई. तुमच्याकडे डब्याचा पासवर्ड आहे का, एवढंच."

"माझ्याकडे बाबांचा स्वेटर आहे. तेवढाच दिलात तुम्ही." फोन ठेवला गेला.

सासूबाई स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या. त्या बाबांच्या आवाजाच्या वाटेलाच जात नसत. पहिल्या महिन्यात मी एकदा रेकॉर्डिंग लावलं होतं, तर "बंद कर ते" म्हणून उठून गेल्या होत्या. त्यानंतर मी कधी लावलं नाही.

"आई, डब्याला कुणी हात लावला का हो? बाबांच्या गोष्टी एकेक जातायत. आणि शेवटची तर उघडतच नाहीये."

त्यांची बोटं थांबली. "शेवटची?"

"मैत्री मोठी झाल्यावरची."

"मला तुमच्या त्या डब्यातलं काय कळतंय," त्या म्हणाल्या आणि पुन्हा मेथीकडे वळल्या. मग स्वतःशीच बोलल्यासारखं, "कावळ्यांच्या गोष्टीत मधेच किती खोकलेत. तेव्हाच दवाखान्यात न्यायला हवं होतं."

मैत्रीनं आतून हाक मारली म्हणून मी गेले. ते वाक्य कानावर पडलं, पण आत उतरायला मला दोन दिवस लागले.

४

गुरुवारी मी तयारीनं बसले. सासूबाई रोजच्यासारख्या अडीच वाजता "जरा पाय मोकळे करून येते" म्हणून गेल्या. मैत्री झोपली. मी लॅपटॉपवर स्विचचं स्वतःचं पान उघडलं. त्यात एक यादी असते, कोणत्या दारामागे कोण आहे त्याची. नाव नसतं. प्रत्येक यंत्राला कारखान्यातच एक नंबर मिळतो, जन्मखुणेसारखा, तो असतो.

तीनला दोन मिनिटं कमी. सहावं दार रिकामं.

टक्.

पॅसेजमध्ये डबा जागा झाला. यादीत सहाव्या दारासमोर एक नंबर उमटला. मी तो झटक्यात कागदावर उतरवला. शेवटची अक्षरं एफ, नऊ, चार, सी. पाऊण तास दिवा मिटमिटला, मग थांबला. यादीत तो नंबर आणखी पाच मिनिटं राहिला आणि कुणी पुसावा तसा गेला. फोल्डरमधून चौथी गोष्ट गेली होती.

नंबर घरातल्या कशाचाच नव्हता. मग मला बाबांची डायरी आठवली. निळी, रबरबँड लावलेली. घरात आलेल्या प्रत्येक यंत्राचा नंबर ते त्यात लिहीत, टीव्हीपासून माझ्या फोनपर्यंत. मी पानं उलटत गेले. एफ, नऊ, चार, सी.

समोर त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'मी'.

'मी' म्हणजे त्यांचा स्वतःचा कंप्युटर. काळा, जाडजूड, ज्याच्यासमोर बसून त्यांनी सगळ्या गोष्टी सांगितल्या तो. ज्याला डबा पासवर्ड विचारत नसे असा घरातला एकमेव कंप्युटर. पण तो घरात नव्हता. बाबा गेल्यावर पंधरा दिवसांत सासूबाईंनी तो भंगारात दिला होता.

"आई, तो कंप्युटर भंगारवाल्याला दिलात तेव्हा तुम्ही पाहिलात ना त्याला नेताना?" त्या परत आल्यावर मी विचारलं.

"पाहिलं तर," त्या म्हणाल्या. चपला काढताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

रात्रीच्या जेवणाला प्रज्ञेशला हळूच सांगितलं. त्यानं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

५

शुक्रवारी सकाळी उठून पाहते तर सहावा दिवा मिटमिटत होता. नऊ वाजता, दहा वाजता, बारा वाजता. थांबेचना. डबा सारखा टक् टक् करत होता, एखादं म्हातारं माणूस खोकताना थांबत नाही तसा. फोल्डर पाहिला. पंधराच्या पंधरा जागेवर होत्या, पण एकोणिसावीवर खूण होती: वापरात आहे.

आज तो शेवटचीला हात घालत होता.

प्रज्ञेश ऑफिसला गेलेला. सासूबाई अडीचला गेल्या. मैत्री झोपली. मी बाबांच्या खोलीची कडी काढली. पलंग, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, पलंगाखाली अजून त्यांची पायताणं. खिडकीशी ते सॉकेट. दिवे काय सांगत होते ते मला आता कळायला लागलं होतं. गिगाबिटला वायरीतल्या आठच्या आठ तारा लागतात. चारच मिळाल्या तर तो कुरकुरत नाही, गुपचूप दहाव्या हिश्श्यावर येतो. नारिंगी. पाचवं दार नारिंगी, सहावंही नारिंगी. चार आणि चार आठ. म्हणजे पाइपातून दोन वायरी आल्याच नव्हत्या. वायर एकच होती, तिला चिरून बाबांनी दोन केल्या होत्या. जुन्या स्विचचा वेगच कमी, त्याला चार तारा पुरत. म्हणून इतकी वर्षं कुणाला कळलं नाही.

मी स्क्रूड्रायव्हरनं सॉकेटचं झाकण काढलं. तसंच होतं. नारिंगी आणि हिरवी जोडी सॉकेटला. निळी आणि तपकिरी जोडी बाजूला नेऊन दुसऱ्या वायरीला पीळ देऊन जोडलेली. ती वायर भिंतीतल्या एका भोकातून खाली उतरत होती.

मी वाकून भोकाशी कान नेला.

"हॅलो, हॅलो," भिंतीतून बाबा म्हणाले. "ऐकू येतंय का?"

मी किंचाळले नाही, कारण मैत्री झोपली होती. आई झाल्यावर किंचाळणंसुद्धा आत गिळायला शिकतो माणूस. पण पाय आपोआप पळाले. पॅसेज, कपाट, सहावी वायर. मी ती ओढून काढली.

दिवा विझला. डब्यानं तीनदा टक् केलं आणि गप्प झाला.

आणि खोलीतून बाबांचा आवाज येतच राहिला. वायर माझ्या हातात लोंबत होती, आणि ते सावकाश, लयीत, गोष्ट सांगत होते.

मग त्या आवाजावर दुसरा एक आवाज उठला, पुरुषाचा, थकलेला. "गेलं! अहो वहिनी, गेलं! लाइन गेली!"

६

मी मैत्रीला तशीच झोपेत खांद्यावर टाकलं आणि एक मजला उतरले.

आमची सोसायटी टेलिफोनवाल्यांची. तीस वर्षांपूर्वी खात्यातल्या लोकांनी मिळून बांधलेली. आमच्या बरोबर खाली हिंमतराव काका राहतात, बाबांच्या जोडीचे लाइनमन. बायको गेलेली, मुलगा परगावी. त्यांनीच दार उघडलं. मागे टेबलावर काळा, जाडजूड कंप्युटर. बाजूच्या खुर्चीत पदर तोंडाला लावून सासूबाई. आणि कंप्युटरमधून, काकांना कमी ऐकू येतं म्हणून भरपूर मोठ्यानं, बाबा कालचीच चौथी गोष्ट सांगत होते. काकांनी पुढे होऊन ती बंद केली.

"आई, भंगार इथे आहे होय," मी म्हणाले.

"भंगारात घालवेना," त्या म्हणाल्या. "घरात बघवेना. म्हणून यांना दिला."

"आणि कावळ्यांच्या गोष्टीत बाबा खोकतात, ते तुम्हाला कसं माहीत हे मी बुधवारीच विचारायला हवं होतं. तुम्ही ती कधी ऐकलीच नव्हती. निदान आमच्या घरात नव्हती."

त्यांनी मान खाली घातली. "तुमच्या घरात प्रज्ञेशची मीटिंग असते. रडायचं तर म्यूट व्हावं लागतं. इथं हिंमतभाऊंना तसंही ऐकू येत नाही."

काका खरंच काही ऐकू न आल्यासारखे उभे होते. मग म्हणाले, "सूनबाई, चूक माझी हाय. पण लाइन कुणी तोडली?"

"मी तोडली. काका, तुम्ही बाबांच्या गोष्टी का नेत होता?"

"नेत नव्हतो. शिफ्ट करीत होतो." ते खुर्चीत टेकले. "दशरथ दवाखान्यात जायच्या आधी म्हणला, हिंमत, माझा डबा टकटक करतोय, त्याचं काय खरं नाही. माझी रेकॉर्डिंग तुझ्याकडं शिफ्ट करून घे. ही लाइन त्यानं मला नेटसाठी कधीच जोडून दिलेली. चार तारांत भागतंय तर दुसरी वायर कशाला, म्हणला. मग तो गेला, आन त्याच आठवड्यात लाइन पण गेली. सात महिने ह्यो कंप्युटर आंधळा पडून होता. सोमवारी दुपारी चालू केला, तर लाइन जिवंत! मला वाटलं…" ते थांबले. "काय वाटलं ते जाऊ दे."

"मी नवा स्विच लावला होता, काका. रविवारी."

"आसंल. मला तुझा स्विच कुठं दिसतोय. मला दशरथ दिसला."

"पण नुसती नक्कल करायची ना. कॉपी. तुम्ही कट केलंत. आमच्याकडून ती पुसली जात होती."

काकांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा खरा गोंधळ उमटला. "शिफ्टिंग म्हंजी तेच की. जुन्या जागेवरनं कापायचं, नव्या जागी जोडायचं. एक नंबर दोन घरांत वाजला तर सायबाचा मेमो यायचा हातात. चाळीस वर्सं तेच केलं. मला वाटलं, दोन ठिकाणी ठेवणं म्हंजी दशरथची बेइज्जत."

"आणि रोज एकच?"

उत्तर सासूबाईंनी दिलं. "एकदम ऐकल्या असत्या तर संपल्या असत्या."

मला सगळं उलगडलं होतं, एक सोडून. "आज सकाळपासून काय चालू होतं, काका?"

"वहिनी काल म्हणाल्या, शेवटची उघडत नाही. म्हटलं मग आधी आजारी माणूस हलवावा. दशरथनं ह्याच्यात एक प्रोग्रॅम टाकून दिला होता. वाचता आलं नाही तर सोडून देत नाही, परत परत विचारत बसतो. सकाळी सातला लावला. थेंब थेंब येत होतं." त्यांनी पडद्याकडे बोट केलं.

पडद्यावर एक पट्टी अर्ध्याच्या जरा पुढे थांबली होती. बासष्ट टक्के. खाली लिहिलं होतं: जोडणी तुटली.

मी मैत्रीला सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं आणि जिना दोन-दोन पायऱ्या करत चढले. सहावी वायर खोचली. खट्. नारिंगी दिवा लागला. डब्याला बंद केलं, चालू केलं. कान लावला.

टक् नाही. फिरण्याची घरघर नाही. काहीच नाही.

जो आवाज मला तीन दिवस भुतासारखा वाटत होता, तो यावा म्हणून मी त्या कपाटात डोकं घालून किती वेळ उभी होते कुणास ठाऊक.

७

शनिवारी प्रज्ञेश डबा घेऊन शहरात गेला. डिस्कमधला डेटा काढून देणाऱ्या माणसानं ती उघडली आणि आतली चकती त्याला दाखवली. वर्तुळाकार ओरखडा, नखानं काढल्यासारखा. "एक दिवस आधी आणली असती तरी वाचली असती, असं सांगता येत नाही," तो म्हणाला. प्रज्ञेशनं ते वाक्य मला जसंच्या तसं येऊन सांगितलं, आणि मला कळलं, की 'तरी'वरचा जोर त्यानं माझ्यासाठी स्वतः घातलाय.

पहिल्या चार गोष्टी काकांकडे होत्या. पुढच्या चौदा माझ्याकडे. सगळ्या आता तीन-तीन ठिकाणी आहेत. काकांना ते अजून पटलेलं नाही.

रविवारी दुपारी तीनला आम्ही सगळे खाली जमलो. उल्काताई वाघोलीहून आली होती, अंगात बाबांचा स्वेटर, एवढ्या उकाड्यात. माझ्याशी बोलली नाही. पण पेनड्राइव्ह दिला तेव्हा माझा हात धरून ठेवला. काकांनी चहा केला, फार गोड.

"मोठी झाल्यावर ऐकायची होती ना?" प्रज्ञेश म्हणाला.

"तोवर आपल्यातलं कोण राहतंय," सासूबाई म्हणाल्या. "लावा हिंमतभाऊ. किती आलीय ते तरी बघू."

मैत्री माझ्या मांडीत होती. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता. काकांनी बटण दाबलं.

"हॅलो, हॅलो. ऐकू येतंय का?"

"येतंय!" मैत्री ओरडली, नेहमीसारखी.

बाबा बोलत राहिले. ती कोणत्या दिवशी जन्मली, तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात ते कसे हरवले. मग आवाज खाली आला. खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज झाला.

"आता तू मोठी झाली असशील. आजोबा कसा दिसायचा ते आठवत नसेल, तर नसू दे. पण एक गोष्ट आहे, मी ती कुणालाच सांगितली नाही. तुझ्या आजीलासुद्धा नाही. ती आता तुला सांगतो. नीट ऐक. मी जेव्हा…"

एवढंच. पट्टी थांबली. कंप्युटरचा पंखा तेवढा फिरत होता.

सासूबाई पडद्याकडे बघत होत्या. बासष्ट वर्षांच्या, सदतीस वर्षं संसार केलेल्या. त्यांचा हात नुसता टेबलावर पुढे सरकला आणि त्या काळ्या कंप्युटरच्या बाजूला जाऊन टेकला, ताप बघावा तसा. काकांनी तोंड फिरवलं. वर, आमच्या रिकाम्या घरात, सहाव्या दाराचा दिवा आत्ता लागलेला असेल. पाच मिनिटं कुणी बोललं नाही तर स्विच त्या दारामागे कोण होतं ते विसरून जाईल.

मैत्रीनं मांडीवर मागे वळून माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे बाबांसारखे आहेत, सगळे म्हणतात.

"मम्मी, तू वायर काढलीस ना, तेव्हा आजोबा काय सांगत होते?"